मॉवरची पत्रिका

सांगलीत आमच्या परसात गवत वाढलं की आजी शेजारच्यांना निरोप धाडायची आणि त्यांची म्हैस येऊन दोन दिवसांत परस चकाचक करून जायची. ओहायोत ही सोय नाही. कोलंबसबाहेर घर घेतलं तेव्हा घराबरोबर पाव एकर हिरवळ आली आणि हिरवळीबरोबर कॉलनीची नियमावली. गवत जरा गुडघ्याकडे बघायला लागलं की पत्र येतं.

म्हणून गवत कापायचं यंत्र, म्हणजे मॉवर घेतलं. दोन उन्हाळे पेट्रोल घालण्यापलीकडे मी त्याची विचारपूस केली नाही. तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यानं उट्टं काढलं. दोरी ओढली की खोकायचं, काळा धूर सोडायचं आणि दाट गवत लागलं की मान टाकायचं. तेव्हा बाबा आमच्याकडे आले होते. त्यांनी डेकवर बसल्या जागी, बशीतला चहा संपवून निदान केलं, "दम लागलाय त्याला. हवा मिळत नाहीये."

बाबांचा अधिकार मोठा. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाशी त्यांनी वीस वर्षं संसार केलाय. चुलीला फुंकर कमी पडली की जो धूर होतो, तोच हा, असं त्यांनी समजावलं. हवा कमी, पेट्रोल जास्त, मग स्पार्क प्लगवर काजळी धरणारच.

मी इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण उघडलं. आत वाळकं गवत, दोन मेलेले किडे आणि पांढरा कापूस. इथं कॉटनवूड नावाचं झाड आहे, आपल्या सावरीसारखं. मे संपता संपता ते म्हाताऱ्या उडवायला लागतं. लहानपणी ज्या म्हाताऱ्यांमागे मी धावलो, त्या सगळ्या माझ्या मॉवरमध्ये येऊन स्थायिक झाल्या होत्या. त्यांच्याखाली एक स्पंज आणि स्पंजाखाली घड्या घातलेल्या कागदाची चपटी वडी.

दोन्ही उचलून मी सिंकमध्ये भांड्यांच्या साबणानं खसखसून धुतलं. स्पंज सुखावला. कागदानं मात्र भिजल्या पापडासारखं अंग टाकलं. कागदाचा फिल्टर धुवायचा नसतो, हलक्या हातानं आपटून झटकायचा असतो, हे मला मागाहून कळलं. बायकोला आधीच कळलं असावं, कारण ती एवढंच म्हणाली, "त्याच सिंकमध्ये मी कोथिंबीर धुते."

"आजचा दिवस फिल्टरशिवाय चालवू का?" मी विचारलं.

"चालव की," बाबा म्हणाले, "धूळ आत जाईल, तेलात कालवली जाईल आणि सिलिंडरला पॉलिश पेपर मारून देईल. फुकटात."

दुकानात गेलो. भिंतभर फिल्टर. गोल, चौकोनी, लांबट, आणि सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ. मी ऐटीत मॉवरचा ब्रँड सांगितला. काउंटरवरच्या आजोबांनी मान हलवली. मॉवर कुणाचं का असेना, इंजिन कुणाचं? थोडक्यात, आडनाव नको, गोत्र सांगा. इंजिन निघालं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं. १९०८ पासूनचं मिलवॉकीचं घराणं, म्हणजे स्थळ चांगलं. पण तेवढ्यानं भागेना. इंजिनाच्या अंगावर तीन आकडे ठोकलेले असतात, मॉडेल, टाइप आणि कोड, ते हवेत. परत घरी. टॉर्च, जुना टूथब्रश आणि बाबांचा वाचायचा चष्मा घेऊन मी गॅरेजमध्ये पालथा पडलो. मळ खरवडल्यावर आकडे दिसले. कोडचे पहिले सहा आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. चक्क जन्मतारीख! जन्मवेळ तेवढी दिलेली नव्हती.

एवढी पत्रिका हातात असताना मी काय करावं? निम्म्या किमतीचा, 'जुळतो' असं लिहिलेला फिल्टर ऑनलाइन मागवला. जुळला, पण छत्तीसपैकी अठरा गुण. बसला, मात्र एका कोपऱ्यात फट राहिली. बाबांनी तिच्यात नख घालून दाखवलं आणि काही बोलले नाहीत. (बोलले असते तर बरं झालं असतं.)

मग खरा फिल्टर आणला. मॉवर सुरेख चाललं, चाळीस मिनिटं. नंतर खाली चिकटलेला ओल्या गवताचा लगदा काढावा म्हणून मी प्लगची वायर काढली (इतपत अक्कल आली होती) आणि मॉवर आडवं केलं. आडवं करताना फिल्टरची बाजू आकाशाकडे ठेवायची असते. मी जमिनीकडे ठेवली. इंजिनातलं तेल निवांत चालत फिल्टरमध्ये गेलं. पुन्हा दोरी ओढली तेव्हा असा पांढरा ढग उठला की शेजारी बागेचा पाइप घेऊन धावत आला.

तो तिसरा फिल्टर गेला. चौथ्यापासून मी मॅन्युअल वाचायला लागलो. दर पंचवीस तासांनी फिल्टर साफ करायचा, धुळीत काम असेल तर त्याआधी. स्पंज कोमट साबणपाण्यात धुवायचा, पिळायचा नाही, फडक्यात दाबायचा आणि पूर्ण वाळवायचा. इथवर बाबांचं आणि मॅन्युअलचं जमलं. फाटलं ते तेलावरून. आमच्या इंजिनाच्या एअर क्लीनरला तेल लागायचं, मग याला का नाही, असा बाबांचा सवाल. स्पंज एकटाच असेल तर त्याला तेल चोळतात, पण कागदाच्या अंगावरचा असेल तर कोरडाच ठेवायचा, असं मी वाचून दाखवलं.

"हे लिहिणाऱ्यानं विहीर बघितलीय का?" बाबांनी विचारलं आणि हिरमुसून स्पंज माझ्या हातात दिला.

त्यांची समजूत काढायला वाळवण्याचं खातं त्यांच्याकडे सोपवलं. ड्रायरवर त्यांचा विश्वास नाहीच. त्यांनी डेकच्या दोन खांबांना सुतळी बांधली आणि स्वतःच्या दोन बनियनांच्या मधे चिमटा लावून स्पंज टांगला. शनिवारी मॉवर एका ओढीत सुरू झालं.

मंगळवारी कॉलनीचं पत्र आलं. बाहेर दोरीवर कपडे वाळत घालण्यास मनाई आहे. सोबत पुराव्याचा फोटो होता. दोन बनियन, मधे काळा स्पंज, आणि मागे, अगदी गालिच्यासारखी कापलेली हिरवळ.