वाढलेली अल्फा रागाची की मिटलेल्या डोळ्यांची?

मैफलीत गायकाच्या किंवा काही श्रोत्यांच्या डोक्याला ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी, पट्टी बांधायची, लहरी मागच्या पडद्यावर दाखवायच्या, आणि मग मजकूर फिरतो: आलापाने अल्फा वाढली, तानेला गॅमा उसळली, समेला सगळ्यांचे मेंदू जुळले, म्हणजे रागाने ध्यान लागतं हे सिद्ध झालं. संगीत मेंदूवर काम करतं, यात वादच नाही. पण तो पडदा हे दाखवत नाही.

‘आलापाने अल्फा वाढली.’ अल्फा म्हणजे मेंदूची सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची लहर. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात ती लगेच वर येते, शांततेतसुद्धा. १९६५ मध्ये अमेरिकी संगीतकार अल्विन लुसिअर मंचावर डोळे मिटून स्वस्थ बसला आणि त्याच्या अल्फाच्या जोरावर तालवाद्यं वाजली. कानावर कुठलाही राग नव्हता. आपला रसिक तर आलाप सुरू होताच डोळे मिटतो. त्यात बाजारातल्या बऱ्याच पट्ट्या कपाळावर बसतात, जिथे अल्फा क्षीण असते आणि पापणीची उघडझाप मोठी दिसते.

‘तानेला गॅमा उसळली.’ गॅमा म्हणजे त्याहून जलद, सेकंदाला साधारण ३० आवर्तनांपुढची लहर. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. जबडा, कानशिलं, मान यांच्या स्नायूंची वीज साधारण २० हर्ट्झपासून (सेकंदाला २० आवर्तनं) पुढे पसरते, म्हणजे गॅमाच्याच पट्ट्यात, आणि मेंदूच्या गॅमापेक्षा कितीतरी पट जोरकस असते. वारंवारता एकच असल्याने साधा फिल्टर दोन्ही वेगळे करू शकत नाही. गायकाला न गाता दात आवळायला सांगा, तीच उसळी दिसेल.

‘मेंदू तालावर डोलला.’ मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मान हलली की वायरही सेकंदाला दोनदा हलते, आणि पडद्यावर २ हर्ट्झची सुबक लहर उमटते.

‘समेला लहर उठली.’ पडद्यावरचा आकडा बहुधा मागच्या दोनेक सेकंदांची सरासरी असतो. याच लयीत तीनतालाचं आवर्तन ८ सेकंदांचं. सम पडते त्या क्षणी दिसतो तो तेराव्या ते सोळाव्या मात्रेचा हिशेब. मेंदू ‘जुळतात’ ते एकच ठोका सगळ्यांच्या कानी पडतो म्हणून; घरोघरी ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांतही तसा मेळ दिसू शकतो.

पडद्यावरच्या रंगांचं म्हणाल, तर ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने निवडलेले असतात.

खरंच तपासायचं असेल तर प्रत्येक श्रोत्याच्या तीन-तीन मिनिटांच्या चार नोंदी घ्या: डोळे उघडे ठेवून शांतता, डोळे मिटून शांतता, डोळे मिटून नुसता तानपुरा, डोळे मिटून आलाप. क्रम श्रोत्यागणिक बदला. त्वचा पुसून जेल लावा, त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विजेचा रोध ५ किलोओहमखाली आणा. स्नायूंची वीज ओळखायला एक इलेक्ट्रोड जबड्यावर हवाच. ५० हर्ट्झची गुणगुण टाळायला लॅपटॉप बॅटरीवर चालवा, वायरी स्पीकरच्या केबलपासून दूर न्या. आणि समेचा दावा तपासायचा असेल तर तबल्याच्या माइकचा संकेत त्याच ईईजी यंत्राच्या रिकाम्या वाहिनीत घ्या. दुसऱ्या रेकॉर्डरचं घड्याळ सरकतं, मग ठोका कुठला आणि लहर कुठली ते जुळवता येत नाही.