सैतान शोधणाऱ्या नातेवाइकांसाठी

आज सकाळी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुंबईच्या फोर्टमधील फ्रीमेसन हॉलचे छायाचित्र आले. फ्रीमेसन म्हणजे एकमेकांना भाऊ मानणाऱ्या, आपले विधी गुप्त ठेवणाऱ्या एका जुन्या संघटनेचे सभासद. खाली मजकूर होता की या इमारतीत सैतानाची पूजा चालते, आत गेलेला माणूस धर्मभ्रष्ट होतो आणि त्याची फळे त्याच्या घराण्याला भोगावी लागतात. एवढ्यावर थांबले असते तर मी दुर्लक्ष केले असते. पण आमच्यातल्याच एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यात भर घातली, "तरीच भाऊंचा वंश पुढे चालला नाही." भाऊकाका आयुष्यभर लॉजचे, म्हणजे फ्रीमेसनांच्या स्थानिक शाखेचे, सभासद होते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ऐंशी ओलांडलेल्या, त्याच ग्रुपमध्ये आहेत आणि रोज सकाळी चष्मा लावून आलेला प्रत्येक संदेश वाचतात, हे लिहिणाऱ्याला पुरते ठाऊक होते.

भाऊकाका गेले तेव्हा अंत्यदर्शनासाठी त्यांचे लॉजमधील एक बोहरी मित्र घरी आले होते. त्यांनी काही न बोलता काकांच्या छातीवर बाभळीची हिरवी डहाळी ठेवली. फ्रीमेसन मंडळींत ती आत्म्याच्या अमरत्वाची खूण मानली जाते. तेव्हाही हेच गृहस्थ पुढे सरसावले होते. बाभळीवर भुते राहतात, ही काय करणी आहे, काढा ती आधी, असे ते सगळ्यांदेखत म्हणाले. काकूंनी मान वर केली आणि एवढेच म्हटले, "राहू द्या. ह्यांचे भाऊच आहेत ते."

या संघटनेबद्दलचा संशय मुळात गुप्ततेबद्दल आहे, हे मला कधीच पटलेले नाही. आपल्याकडे गुरू कानात मंत्र देतो आणि तो कोणाला सांगायचा नसतो. त्यात कोणाला कट दिसत नाही. लॉजमध्ये खुपते ते निराळेच आहे. भारतातील लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि अवेस्ता एकत्र मांडलेले असतात, ज्याने त्याने आपल्या धर्मग्रंथावर शपथ घ्यायची असते, आणि आत बसल्यावर धर्म व राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई असते. वेगवेगळ्या धर्मांची माणसे कोणत्याही धर्मगुरूची परवानगी न घेता एकमेकांना भाऊ म्हणतात, हे सहन होत नाही. लंडनमध्ये १७१७ साली पहिली ग्रँड लॉज, म्हणजे अनेक लॉजची मध्यवर्ती संस्था, स्थापन झाली आणि १७३८ मध्ये पोप बाराव्या क्लेमेंट यांनी कॅथलिकांना तिच्यात जाण्यास बंदी केली. त्या आदेशात गुप्त शपथेइतकीच सर्व पंथांच्या माणसांनी एकत्र येण्याचीही तक्रार होती. ती बंदी व्हॅटिकनने १९८३ साली पुन्हा ठणकावली आणि २०२३ मध्येही कायम ठेवली. पाकिस्तानात १९७२ साली भुट्टो सरकारने लॉज बंद केल्या. हिटलरने बंद केल्या, स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने १९४० मध्ये त्यांच्याविरुद्ध खास कायदाच केला. एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारी ही सत्ताधीश मंडळी या एका बाबतीत एकमताची निघतात, आणि आमचे नातेवाईक नकळत त्याच रांगेत जाऊन उभे राहिले आहेत.

सैतानपूजेची गोष्ट तर केव्हाच निकालात निघालेली आहे. लिओ ताक्सिल नावाच्या फ्रेंच लेखकाने वर्षानुवर्षे फ्रीमेसनांच्या सैतानी विधींची रसभरित वर्णने छापली, भाविकांनी ती डोक्यावर घेतली, आणि १८९७ मध्ये पॅरिसमध्ये भरसभेत त्याने स्वतःच सांगितले की हे सारे आपण रचलेले होते. त्याला सव्वाशे वर्षे उलटून गेली, तरी तेच आज माझ्या काकूंच्या हातातल्या फोनवर येऊन पडते.

हे मान्य करते की लॉज म्हणजे काही संतांची पंगत नव्हे. इटलीत १९८१ साली पी-टू नावाच्या लॉजच्या यादीत मंत्री, सेनाधिकारी आणि पत्रकारांची नावे सापडली आणि सरकार कोसळले. ओळखीचा फायदा घेण्यासाठी लॉजमध्ये शिरणारेही असतात. भाऊकाका स्वतः त्यांच्याबद्दल चिडून बोलत. पण फ्रीमेसनांचा दुसरा इतिहास आपल्या मुंबईतही आहे. माणकजी खरशेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या गोऱ्या लॉजने दार बंद केले होते. पुढे १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही भारतीय लोकांसाठी लॉज निघाली. कंपनी सरकारच्या काळात गोरा आणि काळा माणूस बंधू म्हणून एका छताखाली बसू लागले, ही लहान गोष्ट नव्हती. पुढे विवेकानंदांनीही तरुणपणी कोलकात्याच्या लॉजमध्ये दीक्षा घेतली होती. आता त्यांनाही धर्मभ्रष्ट ठरवणार का?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. त्या गृहस्थांनाही खरे म्हणजे भीतीच वाटत असावी. आपल्या माणसाने घराबाहेर, जातीबाहेर जाऊन कोणाला तरी भाऊ मानले, म्हणजे आपण त्याला पुरेसे नव्हतो की काय, ही ती भीती असेल. ती मी समजू शकते. मात्र बाभळीच्या डहाळीच्या वेळी काकूंनी जे एका वाक्यात मिटवले, ते इतक्या वर्षांनी त्यांच्या अपत्यहीनतेवर बोट ठेवून उकरून काढणे मी समजू शकत नाही आणि समजून घेणारही नाही.

काकूंना स्वतःला लॉजबद्दल तक्रार नव्हती असे नाही. आत काय चालते हे नवऱ्याने कधी सांगितले नाही, याचे त्यांना वाईट वाटे, आणि त्या दुःखात मी त्यांच्या बाजूची आहे. ॲनी बेझंट १९०२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या संयुक्त फ्रीमेसन संघटनेत दाखल झाल्या. ती संघटना वेगळी राहिली आणि भाऊकाकांच्या लॉजचे दार स्त्रियांना आजही बंद आहे. सर्व धर्मांना भाऊ म्हणणाऱ्यांना घरातल्या बाईला आत घेता येत नाही, हे मला लाजिरवाणे वाटते. लॉजचे जे सभासद हे वाचत असतील, त्यांना माझे सांगणे आहे की तुमच्या शहरातील इमारत वर्षातून एखादा दिवस लोकांना उघडी करा, दानधर्माचा हिशेब भिंतीवर लावा, आणि स्त्रियांना प्रवेश का नाही याचे उत्तर तयार ठेवा, कारण पहिला प्रश्न मी तोच विचारणार आहे.