मंडळ काढताय? आधी फाँट ठरवा

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचं मंडळ तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. पहिला महिना लोगोत घालवा. लोगो काळ्यावर गडद राखाडी असावा, भिंगाशिवाय दिसता कामा नये. पोस्टरवर तारीख, वेळ, खोली छापायचा मोह होईल, तो आवरा. मोकळी जागा बिघडते.

व्याख्यान नेमकं ज्यूरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडण्याच्या, आदल्या संध्याकाळी ठेवा. दोन रात्री जागून मॉडेल चिकटवलेल्या पोरांना अंधारी खोली आणि मऊ खुर्ची यापलीकडे काय हवं? वक्त्याला चाळीस मिनिटं सांगा; तो दोनशे स्लाइड घेऊन येईल. १९३१ साली पुरं झालेल्या व्हिला साव्हॉय या फ्रान्समधल्या घरावर तो गहिवरून बोलेल. त्या घराचं छत गळायचं आणि मालकीणबाईंनी ते आखणाऱ्या ल कॉर्बुझिएंना पत्रांवर पत्रं लिहिली होती, हे मध्येच काढू नका. पाहुण्याचा मान असतो. शेवटी, ज्याच्याकडे प्रश्न नाही, फक्त मत आहे, त्याच्या हाती पहिला माइक द्या. दुसऱ्याची गरज पडत नाही.

मेळाव्याचं म्हणाल, तर बाउहाउस या जर्मन कलाशाळेचं नाव घ्यायचं, अनुकरण करायचं नाही. १९२९ च्या फेब्रुवारीत डेसाऊला त्यांनी धातूचा उत्सव केला. पाहुणे चमचमते पोशाख घालून घसरगुंडीवरून आत आले. न्यूयॉर्कच्या वास्तुकारांच्या १९३१ च्या नृत्यसमारंभात विल्यम व्हॅन अ‍ॅलन स्वतः आखलेली गगनचुंबी क्रायस्लर बिल्डिंग होऊन, तिचा कळस डोक्यावर घेऊन आले. तुमच्याकडे सगळे काळ्या कपड्यांत येतील, भिंतीला टेकतील आणि सबमिशनबद्दल बोलतील. तेवढं पुरे.

एका गोष्टीला मात्र खरंच जपा. १८४७ साली लंडनमध्ये काही शिकाऊ पोरं, आपल्याला कुणी धड शिकवत नाही म्हणून, संध्याकाळी जमू लागली. एकमेकांची ड्रॉइंग बघायची, वाद घालायचे. त्यातून आर्किटेक्चरल असोसिएशन झाली, पुढे तिचं चक्क कॉलेज झालं! असली आफत तुमच्याकडेही येऊ शकते. स्टुडिओत चारजण कुणी न सांगता एकमेकांच्या शीट पाहत बसलेले दिसले, तर वेळ दवडू नका. त्या बैठकीला नाव द्या, समन्वयक नेमा, नोंदणीचा फॉर्म काढा, हजेरी सक्तीची करा.

पुढच्या आठवड्यात खोली रिकामी मिळेल.