सेलम, टोपी आणि ती वीस माणसं : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या सेलमच्या लेखावर ‘एक जुना वाचक’ या नावानं आलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हॅलोविनच्या शनिवार-रविवारी आम्ही अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या, १६९२ च्या चेटकीण-खटल्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सेलमला गेलो होतो, त्यावर मी लिहिलं आणि चेटकिणीची टोपी घातलेला फोटो टाकला. वाचकांचं म्हणणं असं की जिथे अडाणी जमावानं निरपराध बायकांना जिवंत जाळलं, तिथे टोप्या घालून मिरवणं म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं. ते पुढे लिहितात, आपल्या नंदुरबारकडे बाईला डाकीण ठरवून छळतात, मारतात, डॉ. दाभोलकरांनी याच लढ्यात जीव गमावला. आणि तुम्ही अमेरिकेत बसून त्याची जत्रा करता. लाज वाटायला हवी.

तुम्ही माझं लिखाण बऱ्याच वर्षांपासून वाचता हे त्या प्रतिक्रियेतून कळलं, म्हणून उत्तरही सविस्तर देते आहे.

आधी जाळण्याचं. सेलममध्ये कुणालाही जाळलं नाही. तो मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली होता आणि इंग्रजी कायद्यात चेटूक या गुन्ह्याला शिक्षा फाशीची. जाळायचे ते स्कॉटलंडात आणि जर्मन प्रांतांत. १६९२ च्या जून ते सप्टेंबरमध्ये सेलमला एकोणीस जणांना फासावर दिलं, त्यात चौदा बाया आणि पाच पुरुष. विसावा गाइल्स कोरी, ऐंशीच्या घरातला शेतकरी. त्यानं ‘गुन्हा कबूल आहे की नाही’ या प्रश्नाला उत्तरच द्यायचं नाकारलं. उत्तर मिळावं म्हणून त्याच्या अंगावर दगड रचत गेले, त्यात तो मेला. किमान पाच जण तुरुंगात मेले. हा हिशेब मी बारकाईनं मांडते आहे, कारण सेलमच्या दुकानांत ‘जाळून मारलेल्या चेटकिणींच्या नाती आहोत आम्ही’ अशा थाटाचे टी-शर्ट टांगलेले असतात. टी-शर्टवाल्याची आणि तुमची माहिती एकाच ठिकाणाहून आलेली दिसते.

आता तो ‘अडाणी जमाव’. माझं भांडण खरं तर या शब्दांशी आहे. सुरुवात गावगप्पांनी झाली हे खरं. पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या घरातली त्याची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि अकरा वर्षांची तिची आतेमामेबहीण अॅबिगेल यांना झटके येऊ लागले, आणि बोट दाखवलं गेलं ते घरातल्या टिटुबा या गुलाम बाईकडे, दारोदार मागून खाणाऱ्या सारा गुडकडे आणि वारशाच्या भांडणात अडकलेल्या सारा ऑस्बर्नकडे. पण गावगप्पांनी कुणाला फाशी होत नसते. त्यासाठी गव्हर्नरनं खास न्यायालय नेमलं. त्याचा मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन हार्वर्डचा पदवीधर, शेजारी बसणारा सॅम्युअल सिवॉलही हार्वर्डचा. वॉरंटं निघाली, साक्षी लिहून घेतल्या, ज्युरी बसली. एकाहत्तर वर्षांच्या रिबेका नर्सला ज्युरीनं आधी निर्दोष ठरवलं होतं! न्यायाधीशांनी पुन्हा विचार करायला लावला, तेव्हा निकाल फिरला आणि म्हातारी फासावर गेली.

त्या न्यायालयानं पुरावा म्हणून काय मानलं? ‘हिची छाया रात्री माझ्या छातीवर बसली’ असं कुणी म्हटलं की झालं. आरोपी त्या वेळी घरात झोपलेली असली तरी उपयोग नाही, कारण आली होती ती तिची छाया. याला उलटतपासणी कशी करणार? ऑक्टोबरात गव्हर्नर फिप्सनं ते न्यायालय बंद केलं (तोवर बोटं त्याच्या बायकोपर्यंत पोहोचली होती असं म्हणतात). जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयानं छायेची साक्ष बाजूला ठेवली, आणि त्या महिन्यातल्या ढीगभर खटल्यांत दोषी ठरले तिघेच. त्यांनाही फाशी झाली नाही. माणसं तीच, गाव तेच, भीतीही गेली नव्हती. बदलला तो फक्त पुराव्याचा नियम. म्हणून ‘अडाणी जमाव’ म्हटलं की मला राग येतो. त्यानं स्टॉटन सुटतो. तो शेवटपर्यंत सुटलाच. सिवॉलनं १६९७ मध्ये चर्चमध्ये उभं राहून आपली चूक मान्य केली, स्टॉटननं कधीच केली नाही.

आणि सेलमची गोम पुढेच आहे. पन्नासेक आरोपींनी ‘हो, मी चेटूक केलं’ असं कबूल केलं. कबुलीवर टिकून राहिलेल्यांपैकी एकालाही फाशी दिली नाही. सॅम्युअल वॉर्डवेलनं कबुली दिली, मग मागे घेतली, आणि सप्टेंबरात तो लटकला. म्हणजे जी वीस माणसं मेली ती ‘मी चेटकीण नाही’ यावरून मागे हटली नाहीत म्हणून मेली. खोटं बोलले असते तर वाचले असते. जॉर्ज बरोज हा त्याच गावचा पूर्वीचा पाद्री. चेटक्याला प्रभूची प्रार्थना न अडखळता म्हणता येत नाही अशी समजूत होती. त्यानं फासाखाली उभं राहून ती अचूक म्हटली. गर्दी चुळबुळली, तरी फाशी झालीच.

म्हणून टोपीबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. ऑक्टोबरात टोपी घालून हिंडणारी पोरं, सफरचंदाच्या रसातले डोनट, रस्त्यावरचे सांगाडे याचं मला काही वाटत नाही. माझ्या लेकीनं टोपी घातली, मीही घातली. मात्र त्या वीस जणांच्या डोक्यावर टोपी चढवलेली मला चालत नाही. स्वतःला ‘विच’ म्हणजे चेटकीण म्हणवणारी आणि तोच आपला धर्म मानणारी अनेक माणसं आज तिथे राहतात, त्यांचा धर्म त्यांना लखलाभ. पण ‘आमच्या पूर्वजांनी इथे बलिदान दिलं’ असं कुणी सांगू लागलं की मी तोंड उघडते. रिबेका नर्स कट्टर प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिस्ती पंथातली होती. शिक्षा झाल्यावर चर्चनं तिला बहिष्कृत केलं, आणि तो बहिष्कार १७१२ मध्ये मागे घेतला. तिला आज कुणी चेटकीण म्हणून मान दिला तर तो तिच्यावरचा तोच आरोप आहे, फक्त हसून केलेला.

बाजाराबद्दल तुमचं बरंचसं खरं आहे. पोलिसांच्या गाड्यांवर झाडूवरची चेटकीण आहे, शाळेच्या संघाचं नाव ‘विचेस’ आहे, आणि भर चौकात एका जुन्या टीव्ही मालिकेतल्या गोड चेटकिणीचा ब्राँझचा पुतळा आहे. तो २००५ चा. मला तो भयंकर वाटतो. पण हे हॅलोविननं आणलेलं नाही. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला, खटल्यांना दोनशे वर्षं होत असताना, डॅनियल लो या सराफानं झाडू आणि चेटकिणीची आकृती असलेले चांदीचे चमचे विकायला काढले आणि ते धडाधड खपले. बंदराचा व्यापार आधीच बॉस्टन-न्यूयॉर्ककडे गेला होता, १९१४ च्या आगीत शहराचा मोठा भाग खाक झाला, पुढे गिरण्याही गेल्या. १९८२ मध्ये ऑक्टोबरचा उत्सव सुरू झाला. आता त्या महिन्यात दहा लाखांवर माणसं येतात, आणि गाव चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजारांचं. गणपतीच्या आदल्या शनिवारी दादरच्या रानडे रोडवर जशी पाय ठेवायला जागा राहत नाही, तशी गत सेलमच्या एसेक्स स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर होते.

आता स्मारकाची तारीख बघा : १९९२. चमचा आधी आला, स्मारक त्यानंतर शंभर वर्षांनी. मधल्या काळात हॅलोविनची गर्दी नव्हती, तेव्हा सेलम काही मृतांचा आदर करत शांत बसलं नव्हतं. ते विसरू बघत होतं. फाशीची नेमकी जागा, प्रॉक्टर्स लेज, संशोधकांनी २०१६ मध्ये पक्की केली. ती एका औषधाच्या दुकानाच्या मागे, घरांच्या मधोमध निघाली. तिथलं छोटं स्मारक १९ जुलै २०१७ ला झालं, रिबेका नर्सला आणि आणखी चौघींना फाशी दिली त्याच तारखेला. १६९३ मध्ये दोषी ठरलेल्या तिघांपैकी एलिझाबेथ जॉन्सनचं नाव कायद्यानं साफ झालं ते २०२२ मध्ये, आणि त्यासाठी पाठपुरावा केला नॉर्थ अँडोव्हरच्या आठवीच्या मुलांनी. त्या मुलांपर्यंत हा विषय पोहोचला, यात या बाजाराचाही थोडा वाटा असावा असं मला वाटतं. तुम्हाला पटणार नाही, चालेल.

जुन्या कब्रस्तानाला लागून असलेल्या त्या १९९२ च्या स्मारकात दगडी भिंतीतून वीस बाकं निघालेली आहेत, एकेकावर एकेक नाव. आत शिरताना पायाखालच्या दगडांवर आरोपींनी आपण निर्दोष असल्याचं सांगितलेलं कोरलंय, आणि ती वाक्यं भिंतीखाली जाऊन मधेच तुटतात. आम्ही गेलो तेव्हा एक जोडपं अशाच एका बाकावर कॉफीचे कप ठेवून सेल्फी काढत होतं. माझ्या लेकीनं त्यांना ‘हे कुणाचंतरी नाव आहे’ असं सांगितलं. ते उठले. लेखात मी हे लिहिलं नव्हतं, कारण स्वतःच्या पोरीचं कौतुक किती करायचं. पण तुम्ही विचारलंत की मुलांना तिथे नेऊन काय शिकवता, म्हणून सांगितलं.

दाभोलकरांचं नाव तुम्ही काढलंत ते योग्यच आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. अमुक व्यक्ती करणी करते असं म्हणून तिचं जगणं अवघड करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. सेलमचा कायदा याच्या नेमका उलटा होता : करणी हा गुन्हा, आणि ती केली म्हणणारा साक्षीदार. सातपुड्यातल्या बाईवर बोट दाखवण्यामागे जमिनीचा तुकडा किंवा जुनं भांडण सापडतं, तसं सेलममध्येही नर्स कुटुंबाच्या मागे शेताच्या हद्दीचे वाद होते. हे दोन्ही शेजारी ठेवून बघायचं तर एक तरी नीट बघायला हवं. मी सेलम बघितलं.

तुमचा मुलगा बॉस्टनला असतो असं तुम्ही लिहिलं आहे, आणि ‘आम्ही तिथे पाऊलही ठेवणार नाही’ असंही. पाऊल ठेवायचं नसेल तर नका ठेवू. पण विचार बदलला तर ऑक्टोबर टाळा, मे महिन्यात जा. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकल ट्रेन अर्ध्या तासात सेलमला सोडते. खटल्यांशी थेट संबंध असलेली एकच वास्तू शहरात उभी आहे, ती म्हणजे न्यायाधीश जोनाथन कॉर्विनचं घर. आणि गंमत म्हणजे त्यालाच सगळे ‘विच हाउस’ म्हणतात. मुळात घटना जिथे सुरू झाल्या ते ‘सेलम व्हिलेज’ आता डॅनव्हर्स या नावानं वेगळं गाव आहे. तिथे रिबेका नर्सचं घर आणि शेत राखून ठेवलंय, गर्दी जवळपास नसते, फक्त मुलाला गाडी काढायला सांगा. परत येताना पीबडी एसेक्स म्युझियमसाठी दोन-तीन तास हाताशी ठेवा. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडून आलेल्या सेलमच्या कप्तानांनी १७९९ मध्ये त्याची सुरुवात केली, आणि त्यांच्या जुन्या संग्रहात मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचं चित्र आहे. ते सध्या मांडलेलं आहे का, हे आधी फोन करून विचारा.