त्या स्कॉटलंडच्या फोटोबद्दल खुलासा

छातीएवढ्या पाण्यात जाळं धरून उभे राहिलेले कोळी आणि खाली 'सुपरमार्केटमधला स्कॉटिश सामन (सॅल्मन मासा) असा पकडतात' असं लिहिलेला फोटो फिरतोय, तर तसं अजिबात नाहीये. ती स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या मधल्या सोल्वे खाडीतली हाफ-नेट नावाची मासेमारीची पद्धत आहे, अ‍ॅनन गावाकडची, व्हायकिंगांच्या काळापासूनची म्हणतात. जवळपास साडेपाच मीटरचा लाकडी दांडा, त्याला जाळं, भरतीच्या प्रवाहात पाय रोवून उभं राहायचं, मासा जाळ्यात धडकला की हाताला कळतं आणि लगेच दांडा उचलायचा. सुपरमार्केटमधला स्कॉटिश सामन समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेला असतो हो! उलट जंगली सामन कमी झाला म्हणून 2016 पासून तिथे किनाऱ्यावर पकडलेला सामन ठेवून घ्यायला बंदी आहे, त्यामुळे ही कलाच मरायला टेकलीये. कृपया तो फोटो असा फॉरवर्ड करू नका.