बायोला घर हवंय, पण घाई करणारं नको

माझ्याकडे फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला असलेल्या बायो या मांजरीसाठी गेल्या काही महिन्यांत बरेच फोन आले आणि बहुतेक सगळे एकाच प्रश्नावर अडले. "मांडीवर बसते का?" नाही, बसत नाही. इतक्यात बसणारही नाही. मग "बरं, कळवतो" म्हणून फोन ठेवला जातो आणि संध्याकाळी मेसेज येतो, "एखादं पिल्लू असेल तर सांगा ना." पिल्लू मागणाऱ्यांवर माझा राग नाही. पण मोठ्या, बुजऱ्या मांजरांना घर मिळत नाही याचं खापर दर वेळी त्यांच्या स्वभावावर फोडलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. आपली दत्तक देण्याची अख्खी पद्धत पिल्लांसाठी बेतलेली आहे. त्यात मोठं मांजर नापास होणारच.

बायो साधारण पाच वर्षांची आहे. करडे पट्टे, छातीवर पांढरा ठिपका, नसबंदी झालेली, ट्रायकॅट (मांजरांची तिहेरी लस) आणि रेबीज दोन्ही लसी दिलेल्या. ती एका आजींची. आजी एकट्या राहायच्या, घरात टीव्हीखेरीज फारसा आवाज नाही. आजी गेल्या, घर रिकामं करायचं ठरलं आणि बायो पिंजऱ्यातून शेल्टरला आली. एका दिवसात तिचं माणूस गेलं, घर गेलं, ओळखीचे वास गेले. आणि वाट्याला काय आलं, तर शेजारच्या खोलीतल्या कुत्र्यांचं भुंकणं आणि डझनावारी अनोळखी मांजरं. ती लिटरच्या (शू-शीसाठीच्या वाळूच्या) ट्रेमागे भिंतीकडे तोंड करून बसायची. जेवायची ती रात्री, सगळे गेल्यावर. हात पुढे केला की फिस्कारायची. तिच्या कागदावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, "अग्रेसिव्ह". हा शब्द एकदा चिकटला की त्या पिंजऱ्यापाशी कुणी थांबत नाही.

घाबरलेल्या मांजराला सगळ्यात आधी काय लागतं? लपायला जागा. २०१४ साली नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी नव्याने आलेल्या मांजरांचे दोन गट केले होते. एका गटाला लपायला खोकी दिली, दुसऱ्याला नाही. खोकी मिळालेली मांजरं बरीच लवकर सावरली, त्यांच्यावरचा ताण पहिल्या काही दिवसांतच उतरला. यात खर्च किती? किराणा दुकानातून आणलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा. तरीही कितीतरी ठिकाणी खोकं काढून घेतात, कारण "मग मांजर दिसणार कसं लोकांना?" मला हे फार लागतं. खोकं असलं की तेच मांजर चार दिवसांनी स्वतःहून डोकं बाहेर काढतं. खोकं काढलं की ते भिंतीकडे तोंड करून दगडासारखं बसून राहतं, आणि लोक विचारतात, "ही आजारी आहे का?"

रविवारच्या अडॉप्शन कॅम्पबद्दलही बोलायलाच हवं. पिल्लांसाठी कॅम्प उत्तम आहेत, शेकडो पिल्लांना त्यातून घरं मिळतात. पण हॉल, माइक, सेल्फी घेणारी माणसं आणि जाळीतून आत जाणारी बोटं असल्या जागी बुजऱ्या मोठ्या मांजराला नेऊच नये. बुबुळं विस्फारलेली, कान डोक्याला चिकटलेले, कधी कधी तोंड उघडून धापा टाकणं. त्या दोन तासांत त्या मांजराबद्दल कुणालाही काही खरं कळत नाही, आणि त्याची दोन आठवड्यांची प्रगती मात्र पुसली जाते.

इथे एक फरक करायला हवा, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघेल. प्रत्येक मोठं मांजर घरात आणावं असं मी म्हणत नाही. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाच्या हाताची ओळख सगळ्यात सहज होते. त्या काळात ज्याला कुणी हात लावलेला नाही आणि जे पुढची सगळी वर्षं बाहेरच वाढलं, त्याला फ्लॅटमध्ये कोंडणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याची नसबंदी करावी, ओळखीसाठी कानाचं टोक कापावं आणि जिथे त्याला रोज खाऊ घालणारं माणूस आहे त्याच आवारात परत सोडावं. बायोची गोष्ट वेगळी. तिला माणूस माहीत आहे, फक्त हे माणूस माहीत नाही. हा फरक शेल्टरच्या गोंगाटात कळत नाही, त्यासाठी एक शांत खोली लागते.

आमच्याकडे ती आली तेव्हा मी तिला अडगळीची छोटी खोली दिली. पलंगाखाली खोकं, खोक्यात जुन्या सुती साडीचा तुकडा, एका कोपऱ्यात लिटर, त्याच्या समोरच्या कोपऱ्यात पाणी आणि खाणं. लोक प्रेमापोटी म्हणतात, "अख्खं घर तुझंच आहे गं." घाबरलेल्या मांजराला अख्खं घर पेलत नाही. रोज संध्याकाळी मी जमिनीवर, तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि पेपर मोठ्याने वाचायचे, अगदी छोट्या जाहिरातींपर्यंत. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. नजरानजर झालीच तर डोळे हळूच मिटायचे, हळूच उघडायचे. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० साली हे तपासून दाखवलं आहे. अशी सावकाश उघडझाप केली की मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात, आणि अनोळखी माणसाने ती केली तरी त्याच्याजवळ जास्त सहज येतात.

एका दुपारी मी तिथेच बसून मेथी निवडत होते. बायो पलंगाखालून निघाली. आधी देठांचा वास घेतला, एक पान पंजाने उलटंसुलटं केलं, मग परातीच्या कडेला गाल घासला. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा परात चुकवून माझ्या गुडघ्याला घासला, आणि स्वतःच दचकून मागे सरली. पळाली मात्र नाही. तिथेच बसून पंजा चाटायला लागली. मी मेथी निवडतच राहिले, हात लावला नाही. मांजराने माणसासमोर अंग चाटायला बसणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे मांजरं पाळणाऱ्यांना सांगायला नको.

आता ती रात्री दोरीशी खेळते, स्वयंपाकघराच्या दारात बसून कुकरच्या शिट्ट्या ऐकते, हनुवटीखाली खाजवून घेते. पोटाला हात लावू देत नाही. बेल वाजली की कपाटावर. जाहिरातीत मी हे असंच्या असं लिहिलं आहे. "लाजाळू पण खूप प्रेमळ" असलं गुळगुळीत वाक्य मी लिहीत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही आणि वाचणारा मनातल्या मनात मांडीवरचं मांजर रंगवून येतो. पलंगाखाली फ्लॅश मारून काढलेला, डोळे चमकणारा फोटो तर कधीच टाकू नये. रात्री दिवा मंद ठेवून, फोन जमिनीवर टेकवून घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जास्त खरं सांगतो.

अशा मांजरासाठी योग्य घर कोणतं? माझ्या मते निवृत्त जोडपी, एकटी राहणारी माणसं, घरून काम करणारी मंडळी. अनेक रेस्क्यूवाले साठीच्या पुढच्या लोकांना सरसकट नकार देतात. बायो ज्या कारणाने शेल्टरला आली ते पाहता त्यांची काळजी मला समजते, तरी माझा या नियमाला विरोध आहे. आपल्यानंतर मांजराला कोण सांभाळणार, हे मुलगी, भाचा किंवा शेजारी यांच्याशी आधी बोलून कागदावर लिहून घ्या आणि द्या मांजर. दुपारी झोपणारं, ठरल्या वेळी जेवणारं, हळू चालणारं घर बुजऱ्या मांजराला मिळतं कुठे? उलट, चार वर्षांच्या आतलं मूल असलेल्या घरी मी बायोला देणार नाही. त्या घरांना बिनधास्त स्वभावाचं मांजर शोभतं, आणि तशीही खूप आहेत.

"पाच वर्षांची म्हणजे म्हातारीच की" असंही ऐकते. घरात राहणारी मांजरं बारा ते पंधरा वर्षं सहज जगतात, कित्येक त्याहून जास्त. शिवाय पिल्लू पुढे कसं निघेल ते कुणीच सांगू शकत नाही. बायो कशी आहे ते मी तुम्हाला आजच सांगू शकते.

नेणाऱ्याने काही गोष्टी मनावर घ्यायला हव्यात. नव्या घरी मांजर पहिला दिवस जेवत नाही, हे चालतं. पण दोन दिवस तोंडात काहीच घेतलं नाही तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं. फरशी फिनाईलने पुसू नका. मांजर पंजे चाटतं आणि त्याच्या शरीराला ते विष पचवता येत नाही. दुधाची वाटी ठेवायचा मोह आवरा, बहुतेक मोठ्या मांजरांना दुधाने जुलाब होतात. खिडक्या आणि गॅलरीला जाळी हवी म्हणजे हवीच, दुसऱ्या मजल्यावर असलात तरी. बुजरं मांजर आवाजाने बिथरून उडी मारतं, म्हणूनच दिवाळीच्या आसपास मी कुणालाही मांजर देत नाही.

घरात कुणी गरोदर आहे म्हणून मांजर परत करणारेही भेटतात. भीती टॉक्सोप्लाझ्मोसिस या परजीवीमुळे होणाऱ्या संसर्गाची असते. तो परजीवी मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो, पण विष्ठा बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला त्याला निदान एक दिवस लागतो. ट्रे रोज साफ करा, ते काम गरोदर बाईऐवजी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं, मांजराला कच्चं मांस देऊ नका, आणि भाज्या नीट धुऊन, मांस नीट शिजवून खा. डॉक्टरांशी बोला. मांजर घराबाहेर काढायची गरज बहुधा पडत नाही. आणि सोसायटीचं म्हणाल, तर पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं आहे. सचिवांनी हटकलं तर शांतपणे तेवढं दाखवा.

रेस्क्यूवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात. सावरायला तीन दिवस, रुळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. साध्या मांजराला तो बरा आहे. बायोला पहिल्या टप्प्यालाच महिना लागू शकतो, आणि तो देण्याची तयारी असेल तरच पुढचं वाचा.

मी तिला आधी फॉस्टर म्हणून देईन. तिचं खोकं, न धुतलेला साडीचा तुकडा, तिच्या सवयीचं लिटर आणि महिनाभराचं खाणं सोबत येईल. रोज फोन करणार नाही, तुम्ही रात्री दोनला केलात तरी उचलेन. नाहीच जमलं तर ती परत माझ्याकडे येईल, कुणीही तुम्हाला बोल लावणार नाही. आधी घरी या, चहा घ्या, तिच्या खोलीत तासभर नुसते बसा. पहिल्या भेटीत ती दिसली नाही तरी पुन्हा यायची तयारी असेल, तर जरूर मेसेज करा. जाळीचा फोटो आणि घरात कोण कोण असतं ते सोबत लिहा.