गोळी बंद करा, असं बायबल कुठे सांगतं?

आतोबा गेल्यापासून गोव्यातल्या वास्कोच्या माझ्या आत्याला भीतीचे झटके येतात. रात्री दोनला उठून बसते, हातपाय गार, छातीत धडधड. डॉक्टरांच्या गोळीने बरीच सावरली होती. गेल्या रविवारी गेलो, तर गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यामागे! पाच दिवस बंद. कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो मेसेज, 'खरा शिष्य कधीच घाबरत नाही'. "गोळी घेते म्हणजे माझा विश्वास लटकाच ना रे?" आत्या म्हणाली. डोकं फिरलं माझं.

मेसेज म्हणतो, बायबलमध्ये 'भिऊ नको' 365 वेळा आहे, दिवसाला एकदा. बायबलची शब्दसूची घेऊन बसा, निम्मेही भरत नाहीत. आणि लीप वर्षातल्या 29 फेब्रुवारीला काय, घाबरायची मुभा?

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण 21:8 मध्ये, भेकडांचा वाटा अग्निसरोवरात आहे म्हणे. आहे खरा, तेवढं मानावं लागेल. पण ते छळाच्या काळात ख्रिस्ताला सोडून जाणाऱ्यांबद्दल आहे, विधवा बाईच्या छातीतल्या धडधडीबद्दल नाही.

आता ती गोळी. 'औषध घेणं म्हणजे अविश्वास' हे लिहिणाऱ्याने 1 तीमथ्य 5:23 उघडलं असतं तरी पुरे होतं. पोटासाठी, वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे, असं प्रेषित पौल आपल्या तरुण सहकारी तीमथ्याला पत्रात सांगतो. विश्वास कमी पडतोय, असं म्हणत नाही. पौलाचा सोबती लूक तर वैद्यच. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देवदूत त्याला निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. दटावणीचा एक शब्द नाही. आणि क्रूसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' कोण म्हणालं? मेसेजवाल्यांच्या मोजपट्टीने तिथे कोण नापास होतं, तेही मीच लिहायचं?

'अपयश आलं म्हणजे देवाने हात सोडला' हा पुढचा शोध. शिष्य पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, त्या रात्री तो कोळशाच्या विस्तवाशी शेकत होता, योहान 18. तीनच अध्यायांनी, समुद्रकाठी, पुन्हा कोळशाचा विस्तव. त्यासाठीचा ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. आमच्याकडे बांगडे भाजले की धूर कपड्यांत संध्याकाळपर्यंत राहतो. त्या धुरात पेत्राला कुठली रात्र आठवली असेल! येशूने हिशेब काढला नाही. आधी न्याहारीला बोलावलं, मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि मेंढरं, म्हणजे आपले अनुयायी, त्याच्याच हवाली केली.

शेवटचं, 'शिष्य लपत नाही'. वास्कोशेजारच्या सांकवाळच्या घराण्यातले जोसेफ वाझ 1687 मध्ये डचांच्या ताब्यातल्या सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, शिरले ते पाद्री असल्याचं लपवून, मजुराच्या वेषात. आम्ही प्रॉटेस्टंट, संतांपुढे मेणबत्ती लावत नाही. पण 2015 मध्ये पोपनी संत ठरवलेल्या माणसाला भेकड म्हणायचं असेल तर सांकवाळला येऊन म्हणा.

"म्हणजे तोही लपला होता?" आत्याने दोनदा विचारलं. सोमवारी डॉक्टरांशी बोलून तिने गोळी सुरू केली. पाकीट आता बायबलशेजारी, चष्म्याच्या डबीवर असतं.